पावणेचौदा रुपयांचा फरक

वसंतराव,

रविवार, सहा मार्च एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी. रक्कम रुपये चौदा हजार पाचशे. हजर: तुम्ही, सुधा, मी, माझी पत्नी नलिनी आणि आपल्या सासूबाई. ठिकाण भिवपुरी, वीजघराच्या कॉलनीतलं तुमचं दोन खोल्यांचं क्वार्टर.

हे मी माझ्या वहीतून उतरवतो आहे. त्या दिवशीचा माझा स्वतःचा खर्च सात रुपये वीस पैसे, आम्हा दोघांच्या गाडीभाड्याचा. चौदा हजार पाचशे तुमचे. तुमच्या कॉम्प्युटरचे. तरी ते मी समासात लिहून ठेवले. दुसऱ्याचा खर्च आपल्या वहीत लिहिणाऱ्या माणसाला काय म्हणतात ते तुम्हाला कळत होतं, पण तुम्ही कधी म्हणाला नाहीत.

तुम्ही कसे गेलात, किती वाजता, जवळ कोण होतं, ते इथे लिहीत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला जे लिहायचं आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. यंदाच्या मार्च महिन्यात सासूबाईंच्या हिशेबात पावणेचौदा रुपयांचा फरक आला, तुमची मान खाली गेली, आणि तो फरक कशाचा हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. मी बोललो नाही. तेवढंच सांगायचं आहे. पण तेवढंच सांगितलं तर ते खोटं होईल, कारण ते त्या दिवशी सुरू झालं नव्हतं.

सुरुवात तुमच्या लग्नाच्याही आधीची. मी थोरला जावई. पहिल्या दिवाळसणाला मला पाटावर बसवून सासूबाईंनी ओवाळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माधवराव, तुमी बसा, उटू नका." तेव्हापासून आजवर मी बसलेलाच आहे आणि त्या मला 'तुमी' म्हणतात. तुम्ही मात्र वीजघरात शिकाऊ होता तेव्हापासून त्यांच्या घरी जेवायला यायचा. आई लहानपणी गेलेला पोरगा म्हणून त्या तुम्हाला हाताने वाढायच्या. पुढे तुम्ही सुधाशी लग्न केलंत तरी त्यांच्या तोंडी तेच राहिलं. "वसंता, हात धुतलास का रं?" "वसंता, उन्हात कुटं फिरतोस रं?" ते 'रं' ऐकलं की मी ताटातून वर बघायचो. चाळिशी ओलांडलेला, तहसील कचेरीत हिशेब तपासणारा माणूस मी. सासूने आपल्याला अरेतुरे करावं म्हणून झुरत होतो, हे कुणाला सांगणार?

माझ्याकडे एकच गोष्ट होती. मामांची वही. आपले सासरे, सगळे त्यांना मामा म्हणत, भातगिरणीचा हिशेब स्वतः ठेवायचे. गिरणी विकल्यावर घराचा ठेवू लागले. हात थरथरू लागला तेव्हा त्यांनी वही माझ्याकडे दिली. तुम्ही तोवर कुटुंबात आला होतात, तरी त्यांनी मला बोलावलं. दिवाळीच्या पाडव्याचा दिवस होता. त्यांनी नव्या वहीतलं प्रत्येक खातं उघडून दाखवलं. अकरा खाती: भात, भाडं, पोस्टाचं व्याज, किराणा, दूध, औषध, लाइट, मजुरी, देवधर्म, येणंजाणं, किरकोळ. प्रत्येक पानावर जमेच्या बाजूला पहिली ओळ: श्री, एक रुपया पंचवीस पैसे.

"खातं कोरं उघडू नये," मामा म्हणाले. "पयला देव जमा करायचा, मंग मानूस. पन देवाचा पैसा आपल्या बेरजेत धरायचा नाय. ध्यानात ठेवा, माधवराव."

मी ध्यानात ठेवलं. नऊ वर्षं दर पाडव्याला अकरा वेळा सव्वा रुपया लिहिला आणि नऊ वर्षं बेरीज दुसऱ्या ओळीपासून केली. ही एक गोष्ट जाण्याआधी मामांनी मला दिली आणि तुम्हाला दिली नाही. मी ती कुणाला सांगितली नाही. लपवली असंही नाही. फक्त सांगितली नाही.

मग तुमचं ते यंत्र आलं.

त्या रविवारचं मला सगळं आठवतं. डोंगरावरून उतरणारे ते जाड नळ खिडकीतून दिसत होते. आमच्या खालापूरला दुपारी दिवे जायचे ते संध्याकाळी यायचे आणि तुमच्याकडे वीज म्हणजे घरचं पाणी. मला त्याचाही हेवा वाटला. सुधाने जुन्या चादरीची खोळ शिवून यंत्राला घातली होती. ती काढून तिने पडद्याला हळदकुंकू लावलं. सासूबाईंनी नारळ ठेवला. मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिसने काढून टाकलेलं यंत्र, प्रॉव्हिडंट फंडातून पैसे उचलून घेतलेलं. मनात म्हटलं, भंगार आहे. मग पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली आणि मीसुद्धा पुढे वाकलो.

"आधी नक्कल काढायची, साडूभाऊ," तुम्ही मला म्हणालात. "मूळ फ्लॉपी कधी वापरायची नाय. ती डब्यात." घरखर्चाच्या त्या प्रोग्रामची मूळ फ्लॉपी तुम्ही पापडाच्या डब्यात ठेवलीत, दमट हवा लागू नये म्हणून. नक्कल होताना यंत्र आतून कुरकुर करू लागलं.

"आतमदी काय दळतंय रं वसंता?" सासूबाईंनी विचारलं.

"हिशेब दळतोय, आई."

"मंग पीठ बारीक येऊ दे. तुज्या मामाच्या गिरणीत कनी पडायची."

सगळे हसले. मूळ प्रत वेगळी ठेवून नकलेवर काम करायचं, ही आमच्या कचेरीची शिस्त तुम्हाला कुणी शिकवली, असा प्रश्न माझ्या मनात आला. मला ते आवडलं, म्हणून तुमचा राग आला.

यंत्राने तारीख विचारली. तुम्ही सहा, तीन, अठ्ठ्याऐंशी असं टाकलंत. थोड्या वेळाने मी पडद्यावर बघितलं तर त्याने तीन जून धरली होती. त्याची रीत आधी महिना, मग दिवस. मी म्हणालो, "वसंतराव, तारीख चुकली." एवढं म्हणताना मला जो आनंद झाला तो चौदा हजार पाचशेत मिळाला नसता. आणि तुम्ही काय केलंत? माझ्या पाठीवर थाप मारून ओरडलात, "आई, बघितलं? मशीन चुकलं, साडूभाऊ नाय चुकले!" माझा आनंद तुम्ही असा उघड्यावर मांडून सगळ्यांना वाटून टाकलात. माझ्या हातात काही उरलं नाही.

चहा झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माधवराव, तुमी लई वरसं केलंत. आता माजा हिशोब वसंताच्या मशिनीत घाला. तुमाला पन इसावा."

मला विसावा नको होता. मी म्हणालो, "बरं."

तुम्हाला माझा चेहरा दिसला असावा. तुम्ही लगेच म्हणालात, "वही बंद करायची नाय हां, साडूभाऊ. मशीनचा काय भरवसा. वही पायजेच." म्हणून वही चालू राहिली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कर्जतला सासूबाईंकडे आपण दोघे बसायचो. मी वहीत लिहायचो, तुम्ही त्याच नोंदी कागदावर उतरवून भिवपुरीला नेऊन यंत्रात घालायचा. एका घराचे दोन हिशेब. नलिनी म्हणायची, "एका नवरीला दोन भटजी."

पहिल्या खेपेला सबंध वही यंत्रात घालायची होती तेव्हा मी शेजारी बसून वाचली आणि तुम्ही टाइप केली. माझ्यासाठी तुम्ही खुर्चीवर उशी ठेवली होती. दर खात्याची पहिली ओळ मी न वाचता सोडत गेलो. मुद्दाम नाही, सवयीने. तुम्ही पडद्याकडे बघत होता, वहीकडे नाही. शेवटी बेरीज पैशाला पैसा जमली. तुम्ही उठून उभे राहिलात आणि मला नमस्कार केलात, थट्टेने. मी तो खरा धरला.

ते वर्ष बरं गेलं. एकदा तुम्ही विचारलंत, "तुमच्या घराचंही खातं उघडू का यात?" मी म्हणालो, "माझं घर एवढं मोठं नाही." तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. पुन्हा विचारायला हवं होतं. मी हो म्हणालो असतो.

फेब्रुवारीत नवं व्हर्जन आलं. चार फ्लॉप्या. त्याला हार्ड डिस्क लागत होती, ती तुम्ही सहा हजारांना बसवून घेतलीत. तेही माझ्या समासात आहे. नव्या प्रोग्रामला जुन्याची खाती वाचता येत नव्हती, म्हणून पाडव्यापासूनच्या सगळ्या नोंदी पुन्हा घालायच्या होत्या. मी वाट बघत होतो. तुम्ही चिठ्ठी पाठवलीत: "वही नलिनीताईंबरोबर पाठवा. तुम्ही कशाला दगदग करता? सुधा वाचेल."

ती चिठ्ठी मी ठेवली आहे. आज वाचताना तिच्यात काळजी दिसते. त्या महिन्यात मला कंबरदुखी होती आणि तुम्हाला ते ठाऊक होतं. पण तेव्हा मला एकच शब्द दिसला. सुधा. खुर्चीवरची उशी आता तिची. वही कापडात गुंडाळून दिली आणि नलिनीला म्हणालो, "सांग त्यांना, जसं लिहिलंय तसं वाचा म्हणावं."

सुधाने जसं लिहिलं होतं तसं वाचलं. अकराही खात्यांवरचं श्री तिने वाचलं आणि तुम्ही घातलंत.

मार्चचा शेवटचा रविवार. सासूबाईंच्या ओटीवर आपण बसलेलो. पत्र्याची पेटी मध्ये. तुमच्या कागदावर शिल्लक चारशे बारा रुपये साठ पैसे. पेटीत मोजले तर तीनशे अठ्ठ्याण्णव रुपये पंच्याऐंशी. तुम्ही पुन्हा मोजलेत. नाणी रांगेत लावून मोजलीत. मग मी माझी वही उघडून शिल्लक दाखवली. तीनशे अठ्ठ्याण्णव, पंच्याऐंशी.

"वहीत बरोबर हाय," सासूबाई म्हणाल्या. "मंग मशिनीत जास्त कसं? मशिनीनं खाल्लं का रं वसंता?"

"पावणेचौदा रुपये मशीन कशाला खाईल, आई?"

"मंग कुनी खाल्लं?"

त्या हसतच म्हणाल्या. पण त्या हसण्याला टोक होतं, ते तुम्हालाही लागलं. सुधा म्हणाली, "आई, असं काय बोलतेस?" तुमचे कान लाल झाले. "सापडेल," एवढंच तुम्ही म्हणालात.

मी तोवर भागाकार केला होता. पावणेचौदा भागिले सव्वा, बरोबर अकरा. माझ्या मांडीवरच्या वहीत, माझ्या अंगठ्याखाली, पहिल्या पानावर श्री होतं. मी अंगठा उचलला असता तर संपलं असतं. मी वही मिटली.

तुम्ही मला विचारलंत, "साडूभाऊ, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हणालो, "माझी वही जमते. यंत्राचं मला काय कळतं?"

हे वाक्य मी परतीच्या सगळ्या वाटेवर मनात घोळवत होतो, गोड लागत होतं म्हणून. खोपोली येईपर्यंत गोड लागत होतं. खालापूरच्या एसटीत ते संपलं. तुमची कामाची पद्धत मला ठाऊक होती. तुम्ही घरी जाऊन एकेक नोंद तपासणार, झोपणार नाही, सुधाला झोपू देणार नाही. आणि पावणेचौदा रुपयांसाठी तुमच्यावर कुणी बोट ठेवावं असा माणूस तुम्ही नव्हता. हे मला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. हेवा करणाऱ्याला ज्याचा हेवा करतो त्याची जेवढी ओळख असते तेवढी बायकोलाही नसते.

एप्रिलच्या मोजणीला मी कंबरेचं निमित्त सांगून गेलो नाही. नलिनीने येऊन सांगितलं, "जमलं हो भावजींचं. पेटी आणि मशीन एक आलं." मला वाटलं, तुम्हाला श्री सापडलं, तुम्ही त्या ओळी काढून टाकल्यात. म्हणजे मामांची ती गोष्ट आता तुम्हालाही कळली. तुमची सुटका झाली याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, गेलं, तेही गेलं. त्यानंतर मी मोजणीला आलोच नाही. नलिनी नोंदी लिहून आणायची, मी वहीत उतरवायचो. पेटी पुन्हा माझ्या हातात आली नाही.

तुम्ही सप्टेंबरात एका रविवारी खालापूरला आलात. एकटेच. येताना कर्जतहून वड्यांचं पुडकं आणलंत, तेल फुटलेलं. इकडचं तिकडचं बोललात. वीजघरातली बदली, सुधाचा चष्मा. मग कप खाली ठेवून म्हणालात, "साडूभाऊ, एक विचारायचं होतं."

मला वाटलं, आता विचारणार. तुम्हाला ठाऊक होतं ना, तरी गप्प का बसलात? मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, "चार दहाची गाडी चुकेल तुमची. पुढची पावणेसहाला."

तुम्ही घड्याळाकडे बघितलंत. मग माझ्याकडे. "मग पुढच्या खेपेला," म्हणालात आणि चपला घातल्यात. मी स्टँडपर्यंत आलो. लोकांना वाटलं असेल, केवढं प्रेम. मी तुम्ही खरंच गाडीत बसताय ना, हे बघायला आलो होतो. गाडी चार पंचवीसला सुटली. ती पंधरा मिनिटं आपण दोघे उभे होतो आणि मी तुम्हाला पावसाबद्दल विचारत होतो.

पुढची खेप झाली नाही.

परवा, तुमचा चौदावा झाल्यावर, आम्ही भिवपुरीलाच होतो. सासूबाई त्या दिवसापासून सुधाजवळ राहिल्या आहेत. येताना पेटी बरोबर घेऊन आल्या, ती त्या कुठेही सोडत नाहीत. दिवाळी आठ दिवसांवर आली म्हणून त्याच म्हणाल्या, "माधवराव, पाडव्याला वही उघडायची हाय. हिशोब आता तुमीच बगा." सात महिन्यांपूर्वी हे वाक्य ऐकायला मी काय दिलं असतं! परवा ते ऐकून जेवण गेलं नाही.

मी पेटी मोजली. माझ्या वहीत शिल्लक पाचशे एक रुपये दहा पैसे. पेटीत पाचशे चौदा, पंच्याऐंशी. मी पुन्हा मोजलं नाही. पहिल्या फटक्यात मोजलेलं चुकत नाही माझं, आणि जास्त किती ते मला मोजायच्या आधीच कळलं होतं.

तळाशी निळ्या कागदाची पुडी होती. आत काही नव्हतं. वर तुमच्या अक्षरात लिहिलं होतं: श्री, अकरा खाती.

मी सुधाला विचारलं, "हे काय?"

ती उठली. खोळ काढली, घडी करून बाजूला ठेवली, यंत्र सुरू केलं. मला वाटत होतं तिला फक्त वाचता येतं. तिची बोटं तुमच्यासारखीच चालतात, दोनच, पण भरभर. नव्या व्हर्जनमध्ये प्रत्येक नोंदीपुढे वीस अक्षरांचा शेरा लिहायची सोय आहे. ती आली तेव्हा तुम्ही मला किती कौतुकाने सांगत होता आणि मी ऐकत नव्हतो. तिने भाताचं खातं उघडलं. पहिली ओळ श्री, एक पंचवीस. पुढे शेरा, इंग्रजी अक्षरांत मराठी: साडूभाऊंना विचारणे. मग भाडं. तेच. मग व्याज, किराणा, दूध. अकराही खात्यांवर तेच. मी सवयीने अक्षरं मोजली. जागा वीसची, तुम्ही एकोणीस वापरलीत.

"त्यांना एप्रिलातच सापडलं होतं," सुधा म्हणाली. "मी म्हटलं, पुसून टाका की त्या ओळी, झालं. तर म्हणाले, मामांनी देव जमा केलाय, मी कोण पुसणार? साडूभाऊंना ठाऊक असेल कसं धरायचं ते. त्यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाय. तोवर देवाचे पैसे पेटीत नाहीत हे बरं दिसत नाय, म्हणून आपल्या पगारातले घातले."

"मग विचारलं का नाही मला?"

"विचारायलाच आले होते ना तुमच्याकडे? आले आणि म्हणाले, आज साडूभाऊ घाईत होते."

वसंतराव, मी गप्प बसलो ते तुमच्यावर मात करायला. तुम्ही गप्प बसलात ते माझा मान राखायला. दोघांचं मौन जवळजवळ सारख्याच मुदतीचं, माझं मार्चपासून, तुमचं एप्रिलपासून. पण त्यातही तुम्ही वरचढ ठरलात. खरं सांगतो, तिथे उभं राहून मला आधी रडू नाही आलं. आधी हेवा वाटला. मामांनी मला सांगितलं, देवाचा पैसा बेरजेत धरायचा नाही, आणि मी नऊ वर्षं फुकटचा देव जमा करत आलो. तुम्हाला कुणी काही सांगितलं नव्हतं, आणि त्या शब्दाखाली खरे पैसे ठेवणारे तुम्ही. रडू नंतर आलं. नलिनीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

मग मी सांगितलं. तिघींसमोर. मार्चमध्ये ओटीवर बसल्या बसल्या मला कळलं होतं, अकरा गुणिले सव्वा, आणि मी वही मिटली. का मिटली तेही सांगितलं, जेवढं तोंडातून निघालं तेवढं.

नलिनी खाली बघत होती. सुधा पडद्याकडे. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग त्या म्हणाल्या, "मंग तवाच सांगायचं नाय का रं माधवा? एवढा शिकलेला तू. त्यो किती दीस त्या कागदात डोकं घालून बसला."

वीस वर्षं ज्याची वाट बघितली तो 'रं' असा मिळाला. तुम्ही असता तर पाठीवर थाप मारली असतीत. ओरडून सगळ्यांना सांगितलं असतंत.

मी सासूबाईंना विचारलं, पेटीतल्या जास्तीच्या पैशांचं काय करायचं? त्या म्हणाल्या, "त्यानं देवाच्या नावानं घातलेत. राहू दे. यंदा बेरजेत धरा." पुन्हा 'धरा'. असो. एकदा मिळाला, पुरे.

मग आम्ही शेवटच्या महिन्याच्या नोंदी घालायला बसलो. "भावजी, तुमी वाचा, मी टाइप करते," सुधा म्हणाली. खुर्चीवर उशी होती. ती मी बाजूला ठेवली आणि तसाच बसलो. मी वाचत गेलो. झाल्यावर वही आणि यंत्र पुन्हा ताडून बघायचं म्हणून पहिल्या पानापासून सुरुवात केली, तर सवयीने दुसऱ्या ओळीवर गेलो. सुधाने बोट थांबवलं. "श्री राहिलं," म्हणाली. मी श्री वाचलं. अकरा वेळा. वहीत लाल शाईने बेरीज दुरुस्त करून खाली सही केली. नव्या व्हर्जननंतर वही, पेटी आणि यंत्र पहिल्यांदाच तिन्ही एक आले: पाचशे चौदा रुपये पंच्याऐंशी पैसे.

पेटीतलं देणं मिटलं, माझं राहिलं. तुमच्या पगारातले ते पैसे माझ्या न बोलण्याने गेले. म्हणून निघताना खिशातून दहाची एक नोट, दोनची एक, एकाची एक आणि तीन पावल्या काढून सुधापुढे धरल्या. ती म्हणाली, "हे काय आता, भावजी?" मी म्हणालो, "त्यांचे आहेत." तिने घेतले. मोजले नाहीत, खोळ पुन्हा घालून तिच्यावर ठेवले.

माझ्या वहीत नोंद केली आहे, समासात नाही, खर्चाच्या बाजूला. रोख रुपये तेरा, पैसे पंचाहत्तर, दिले श्रीमती सुधा यांना. 'सौ.' लिहून झालं होतं, ते खोडावं लागलं. सबंध वहीत तेवढी एकच खाडाखोड आहे. पावती मागितली नाही.